पोलादी फ्रेमचा कर्ता: हस्तनिर्मित शर्यती सायकलींच्या व्यवसायाचा मागोवा

विसाव्या शतकात इंग्लंड, इटली आणि फ्रान्स या देशांतील लहान कारखान्यांमध्ये हाताने जोडलेल्या पोलादी शर्यती सायकलींना आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठी मागणी आहे, आणि या बाजारातील बहुतेक वाद अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपतात, तो म्हणजे समोरची फ्रेम नेमकी कोणी घडवली. फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर निर्मात्याचे नाव ठळक अक्षरांत झळकत असताना हा प्रश्न उद्भवतोच कसा, असे नवख्या ग्राहकाला वाटणे साहजिक आहे. परंतु या व्यवसायाची घडणच अशी होती की नाव एकाचे, दुकान दुसऱ्याचे आणि भट्टीपुढे उभा असलेला कारागीर तिसराच, हा प्रकार अपवाद नसून बऱ्याच अंशी रीतच होती. म्हणूनच फ्रेमची पारख करणारा जाणकार अक्षरांकडे सर्वांत शेवटी वळतो. त्याआधी तो नळीची जाडी, सांध्यांची घडण, आट्यांचे माप आणि धातूवर ठोकलेले क्रमांक पाहून घेतो.

अशा फ्रेममध्ये हाताचा वाटा किती होता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कोणताही फ्रेम-कारागीर स्वतः नळ्या ओढत नसे. नळ्या बर्मिंगहॅम किंवा मिलानच्या कारखान्यातून येत. नळ्यांची टोके ज्यात बसवून जोडली जातात ती पोलादी खोबणी, जिला ‘लग’ म्हणतात, ती स्वतंत्र पुरवठादाराकडून येई. आणि मागच्या चाकाचा आस ज्या जाड पोलादी तुकड्यांत अडकतो ते ‘ड्रॉपआउट’ उत्तम फ्रेमसाठी बहुधा इटलीतील व्हिचेन्झा येथील कॅम्पाग्नोलो कंपनीकडून मागवले जात. कारागिराकडे उरणारे काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगमापाप्रमाणे फ्रेमचे कोन आणि लांबी ठरवणे, एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असे कापणे, लग कानशीने घासून पातळ व देखणे करणे, सर्व भाग साच्यात पक्के धरून सांध्यांत पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळवून खेळवणे, आणि शेवटी फ्रेम सरळ आहे याची खात्री करून घेणे. हे काम कमी महत्त्वाचे नव्हते, कारण चांगली आणि सुमार फ्रेम यांतील सारा फरक त्यातूनच पडत असे. मात्र सामान सर्वांचे सारखेच असल्यामुळे सामानावरचा शिक्का हा फ्रेमच्या निर्मात्याचा समजण्याची चूक आजही सर्रास होते. ड्रॉपआउटवर ‘कॅम्पाग्नोलो’ हे नाव कोरलेले दिसते, किंवा पेडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो त्या ‘बॉटम ब्रॅकेट’वर ‘चेटर-ली’ हे लंडनच्या पुरवठादाराचे नाव आढळते, आणि विक्रेता तेच नाव सांगून फ्रेम विकायला काढतो.

नळीचा इतिहास मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण फ्रेमचा काळ आणि दर्जा ठरवण्याचे सर्वांत भक्कम साधन तेच आहे. बर्मिंगहॅमचे रेनॉल्ड्स घराणे मुळात खिळे बनवणारे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलीची लाट उसळली तेव्हा सायकल-निर्मात्यांपुढे एक अडचण कायम होती: पातळ नळी हलकी असली तरी सांध्यापाशी, म्हणजे जिथे ताण सर्वाधिक पडतो आणि जोडकामाच्या उष्णतेने पोलाद नरमही होते तिथे, ती टिकत नसे, आणि जाड नळी टिकली तरी सायकल जड होई. आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स आणि जे. टी. हेविट यांनी १८९७ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले तिने नळीचा बाहेरचा व्यास सर्वत्र सारखा ठेवून आतून फक्त टोकांशी जाडी वाढवता येऊ लागली. अशा नळीला ‘बटेड’ नळी म्हणतात, आणि तिच्या उत्पादनासाठी पुढच्याच वर्षी वेगळी कंपनी निघाली. बाहेरून पाहणाऱ्याला या नळीत आणि साध्या नळीत काहीच फरक दिसत नाही, आणि जुन्या फ्रेमच्या व्यवहारातील निम्मी संदिग्धता या एका गोष्टीतून जन्मते.

१९३५ मध्ये रेनॉल्ड्सने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी बाजारात आणली आणि पुढची चाळीस वर्षे दर्जेदार ब्रिटिश फ्रेम म्हणजे ५३१ असे समीकरण होऊन बसले. या पोलादाचा एक गुण कारागिरांच्या विशेष पसंतीस उतरला: पितळेने जोडण्याइतपत तापवूनही ते आपले बळ फारसे गमावत नसे, त्यामुळे लहान कारखान्यातील साध्या भट्टीवरही त्याची उत्तम फ्रेम बनू शके. टोकांशी सुमारे ०.९ मिलिमीटर आणि मध्यभागी सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीच्या या नळ्यांवर रेनॉल्ड्स आपले लेबल देत असे, आणि त्या लेबलाचा मजकूर नीट वाचला पाहिजे, कारण सर्व नळ्या बटेड असून पुढचे चाक धरणारा चिमटा आणि मागचे चाक धरणाऱ्या काड्याही ५३१ च्याच असल्याचे सांगणारे लेबल वेगळे, आणि केवळ तीन मुख्य नळ्या ५३१ च्या, त्याही साध्या जाडीच्या, असे सांगणारे लेबल वेगळे असे. दुकानदाराच्या तोंडी दोन्ही ‘५३१’च असतात, किमतीत मात्र बराच फरक असायला हवा. १९७६ मध्ये ‘७५३’ ही उष्णतेने कठीण केलेली, अधिक पातळ नळी आली, तेव्हा कंपनीने ती सर्वांना विकण्यास नकार दिला. जास्त तापवल्यास तिचे बळ जात असल्यामुळे ती कमी तापमानाला वितळणाऱ्या चांदीच्या मिश्रधातूनेच जोडावी लागे, म्हणून कारागिराने नमुन्याचे जोडकाम रेनॉल्ड्सकडे पाठवून मान्यता मिळवल्याशिवाय त्याला ७५३ मिळत नसे. परिणामी ७५३ चे लेबल असलेल्या फ्रेमबाबत शंका आलीच, तर हा निर्माता मान्यताप्राप्त होता काय, एवढी चौकशीही पुष्कळ काही सांगून जाते.

इटलीत हीच जागा कोलंबस या नावाने घेतली. आंजेलो लुइजी कोलंबो यांनी १९१९ मध्ये मिलान येथे सुरू केलेल्या कारखान्यातून सायकलींबरोबरच नळ्यांच्या फर्निचरसाठीही माल जात असे, आणि कबुतराचे चिन्ह असलेले त्यांचे लेबल १९७० आणि १९८० च्या दशकांतील जवळजवळ प्रत्येक नामवंत इटालियन फ्रेमवर दिसते. ‘एसएल’ ही हलकी नळी आणि ‘एसपी’ ही मोठ्या मापाच्या किंवा दणकट फ्रेमसाठीची जाड नळी, अशी त्यांची मुख्य विभागणी होती. कोलंबसची एक खूण लेबल निघून गेले तरी राहते: चिमट्याचा जो उभा दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जातो, त्याच्या तळाशी आतल्या बाजूने पाच सर्पिल कंगोरे असतात, आणि चिमटा काढून त्या दांड्यात बोट घातले की ते हाताला लागतात.

लेबल नसेल तेव्हा सीट पोस्टचे माप, म्हणजे बैठकीचा दांडा ज्या व्यासाचा बसतो ते माप, नळीची जाडी उघड करते. इंग्लिश आणि इटालियन फ्रेममध्ये सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर असतो. वरच्या टोकाशी भिंत ०.६ मिलिमीटर असेल तर आत २७.४ उरतात, आणि थोडी मोकळीक धरून २७.२ मिलिमीटरचा दांडा तिथे बसतो. म्हणून २७.२ हे माप उत्तम नळीचे लक्षण मानले जाते आणि २६.६ किंवा त्याहून कमी माप आले की नळी साध्या जाडीची असल्याचा संशय येतो. परंतु हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. जुन्या फ्रेंच फ्रेमची नळी मुळातच २८ मिलिमीटरची असल्याने तिथे २६.४ चा दांडाही उत्तम नळीत बसलेला असू शकतो, आणि कोलंबस एसपीच्या मोठ्या इटालियन फ्रेममध्ये २६.८ किंवा २७ हे माप अगदी योग्य ठरते. माप घेण्याआधी फ्रेम कोणत्या देशाची हे कळले पाहिजे, आणि ते सांगण्याचे काम बॉटम ब्रॅकेटचे आटे करतात.

या नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना ज्या वाट्या आट्यांनी बसवलेल्या असतात त्यांची मापे देशपरत्वे वेगळी होती. इंग्लिश पद्धतीत व्यास १.३७ इंच, दर इंचाला २४ आटे, नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर आणि उजवी वाटी उलट्या आट्यांची. इटालियन पद्धतीत व्यास ३६ मिलिमीटर, रुंदी ७० मिलिमीटर आणि दोन्ही वाट्या सुलट्या आट्यांच्या. फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन्ही वाट्या सुलट्याच. स्विस पद्धत माप फ्रेंचांचे घेते आणि उजवी वाटी मात्र उलट्या आट्यांची ठेवते, आणि तिचे सुटे भाग शोधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींसाठी दर इंचाला २६ आट्यांचे खास माप ठेवले होते. रंग नवा देता येतो, लेबले छापून घेता येतात, पण आट्यांची जात सहसा कोणी बदलत नाही, म्हणून इटालियन नाव मिरवणाऱ्या फ्रेममध्ये इंग्लिश आटे निघाले तर खरेदीदाराने थांबून विचार करावा. अर्थात तेवढ्यावरून ती फ्रेम खोटी ठरत नाही. निर्यातीसाठी इंग्लिश आट्यांच्या फ्रेम इटलीतही बनल्या, आणि झिजलेले इंग्लिश आटे कापून तिथे मोठ्या व्यासाचे इटालियन आटे पाडणे ही दुरुस्तीची जुनी युक्ती आहे.

नाव आणि कर्ता यांची फारकत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती ब्रिटनमध्ये, आणि तिथल्या फ्रेमना आलेले चमत्कारिक आकारही तिथल्या शर्यतींच्या नियमांशी बांधलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरील शर्यतींमुळे पोलिसांचा रोष ओढवेल या भीतीने नॅशनल सायकलिस्ट्स युनियनने रस्त्यावर एकत्र सुटणाऱ्या शर्यतींना मनाई केली. त्यावर तोड म्हणून १८९५ मध्ये एफ. टी. बिडलेक यांनी वेळेविरुद्धची शर्यत रूढ केली, जिच्यात स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटा सुटतो. या शर्यती पहाटे, काळ्या कपड्यांत, मार्गाला सांकेतिक क्रमांक देऊन जवळजवळ गुपचूप घेतल्या जात. स्पर्धक बहुतेक कामगार किंवा कारकून असत आणि त्यांच्याकडे सायकल एकच असे. तीच आठवडाभर कामावर नेणारी, तीच सुट्टीत दूरच्या सहलीला जाणारी आणि रविवारी पहाटे चाके बदलून शर्यतीला उभी राहणारी. म्हणून अस्सल जुन्या ब्रिटिश क्लब-फ्रेमवर मडगार्ड अडकवण्याची भोके, चिमट्यावर दिव्यासाठी जोडलेला खुंट आणि चाकाभोवती भरपूर मोकळी जागा आढळते, जे त्याच काळातील इटालियन शर्यती फ्रेमवर सहसा दिसत नाही.

हौशी खेळाडूने कोणत्याही निर्मात्याची जाहिरात होऊ देऊ नये, असा कडक दंडक होता, आणि सायकल-नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या छायाचित्रांतील फ्रेमवरचे नाव त्यासाठी झाकून टाकले जाई. नाव झाकले तरी दुरून ओळखू येईल अशी फ्रेम घडवणे हा यावरचा उपाय होता, आणि १९३० च्या दशकातील विचित्र आकारांचे एक कारण म्हणून तो सांगितला जातो. ब्रॅडफर्डच्या बेन्स कंपनीची ‘फ्लाइंग गेट’ या टोपणनावाने ओळखली जाणारी फ्रेम, जिची सीटची नळी जवळजवळ उभी असून बॉटम ब्रॅकेटच्या पुढे उतरते; लंडनच्या बेट्स बंधूंचा दुहेरी वळणाचा ‘डायड्रंट’ चिमटा आणि मध्यभागी फुगीर असलेल्या ‘कँटिफ्लेक्स’ नळ्या; आणि हेचिन्सच्या नागमोडी मागच्या काड्या, हे सर्व त्याच दशकातले. हे आकार धक्के शोषून घेतात किंवा वेग वाढवतात असे निर्माते सांगत, आणि काहींनी पेटंटेही घेतली. तथापि त्यांतील कोणताही आकार युरोप खंडातील व्यावसायिक शर्यतींमध्ये रुजला नाही, यावरून त्यांचा खरा उपयोग रस्त्यावर कमी आणि छायाचित्रात अधिक होता, असे मानणे वावगे ठरू नये.

यांपैकी हेचिन्सची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. रशियातून आलेले हायमन हेचिन लंडनच्या टॉटनहॅम भागात दुकान चालवत आणि तिथे ग्रामोफोनसारख्या संगीताच्या वस्तूंबरोबर सायकलीही विकत. हेचिन स्वतः फ्रेम-कारागीर नव्हते. ज्या फ्रेमनी त्यांचे नाव अजरामर केले, त्या नागमोडी काड्यांसह, जॅक डेनी या कारागिराच्या हातच्या होत्या. ‘मॅग्नम ओपस’ या नावाच्या फ्रेमचे लग पाहिले की डेनी यांची करामत लक्षात येते: साध्या लगमध्ये पत्रा वाढवून, वेलबुट्टीसारखी टोके कापून, प्रत्येक कड कानशीने पातळ करत नेऊन ते नळीवर असे बसवले जात की नळीवर नक्षी उमटल्याचा भास होतो. येथे नकलाकाराला उघडे पाडणारी खूण म्हणजे कडांची जाडी. कारखान्यात दाबून काढलेल्या लगची कड सर्वत्र सारखी जाड असते, तर हाताने घासलेली कड टोकाकडे इतकी पातळ होत जाते की रंगाच्या जाड थराखाली ती नाहीशी व्हावी. फ्रेंच ‘नर्व्हेक्स प्रोफेशनल’ लग या नक्षीचीच आठवण करून देतात, पण ते यंत्रावर बनत आणि ब्रिटनपासून अमेरिकेपर्यंत अनेक निर्माते ते वापरत, त्यामुळे त्यांच्यावरून काळाचा थोडाफार अंदाज येतो, निर्मात्याचा मुळीच येत नाही.

१९४२ च्या जूनमध्ये पर्सी स्टॉलर्ड यांनी बंदी झुगारून लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन ही एकत्र सुटणारी शर्यत भरवली आणि त्यातून निघालेल्या ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स या संघटनेने तरुणांना युरोप खंडातील शर्यतींचे वेड लावले. याचा परिणाम फ्रेमच्या नावांवरही झाला. हॅरी रेन्श यांच्या फ्रेमवर ‘पॅरिस’ आणि ‘गॅलिबिए’ ही नावे असली तरी त्या लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात जन्मल्या. फ्रान्सशी त्यांचा संबंध एवढाच की गॅलिबिए हा टूर द फ्रान्सच्या मार्गावरील आल्प्समधला घाट आहे. पुढे मोटारी आल्या, सायकलीचा धंदा बसला आणि नावांची खरेदी-विक्री सुरू झाली. क्लॉड बटलर यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला मोठा व्यवसाय १९५० च्या दशकात कोलमडला आणि त्यांचे नाव होल्ड्सवर्थ कंपनीने विकत घेतले. फ्रेडी ग्रब या निर्मात्याचे नावही तिच्याकडेच गेले. नंतर क्लॉड बटलर हे नाव फाल्कन कंपनीकडे जाऊन अखेर पूर्व आशियात बनलेल्या स्वस्त सायकलींवर लागले. म्हणजे एकाच नावाखाली १९३८ ची हाताने घडवलेली फ्रेम, १९६५ ची होल्ड्सवर्थच्या कारखान्यातली फ्रेम आणि विसाव्या शतकाच्या अखेरची बाजारू सायकल अशा तीन निराळ्या वस्तू उभ्या आहेत, आणि विक्रेते पहिलीची कीर्ती तिसरीला लावायला मागेपुढे पाहत नाहीत.

रॅलेच्या बाबतीत हाच घोटाळा मोठ्या प्रमाणावर होतो, आणि तो भारतीय वाचकाला जवळचा आहे. रेनॉल्ड्स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाच्या मालकीची होती, त्याच समूहाने मुरुगप्पा समूहाच्या भागीदारीत १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स ही कंपनी काढली, आणि रॅलेच्या सायकली आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात बनू लागल्या. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या पिढीला रॅले, हर्क्युलस, बीएसए आणि फिलिप्स ही नावे घरातल्यासारखी परिचित आहेत. परंतु वाड्याच्या अंगणात जपून ठेवलेली वीस-बावीस किलोंची काळी रॅले आणि त्याच नावाची शर्यती फ्रेम यांच्यात पाटीखेरीज काहीच समान नाही. रॅलेच्या खास शर्यती फ्रेम इल्केस्टन येथील एका लहान विभागात १९७४ पासून जेराल्ड ओ’डॉनोव्हन यांच्या देखरेखीखाली बनत. ओ’डॉनोव्हन हे रॅलेने १९६० मध्ये विकत घेतलेल्या वर्कसॉपच्या कार्लटन कंपनीतून आलेले होते. टीआय-रॅले संघाच्या योप झूटेमेल्क यांनी १९८० ची टूर द फ्रान्स जिंकली त्या काळातील ही अस्सल फ्रेम ओळखायची तर तिच्यावर ‘एसबी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक ठोकलेला असला पाहिजे. केवळ संघाचा लाल-काळा-पिवळा रंग तर रॅलेच्या साध्या कारखान्यातून निघालेल्या हजारो सायकलींवरही होता.

इटलीत फारकतीचे कारण निराळे होते. तिथे शर्यत व्यावसायिक होती आणि संघाचा पुरस्कर्ता ज्या कंपनीची सायकल जाहीर करी तिचे नाव फ्रेमवर असणे करारानेच बंधनकारक असे, पण मोठ्या खेळाडूंना आपल्या मापाची फ्रेम आपल्या विश्वासाच्या कारागिराकडूनच हवी असे. मिलानच्या विगोरेली या सायकल-धावपट्टीच्या इमारतीत कारखाना असलेले फालिएरो मासी हे अशा कारागिरांत अग्रगण्य होते, आणि शिंप्यासारखे मापात काम करतात म्हणून त्यांना ‘शिंपी’ हेच टोपणनाव पडले होते. बेल्जियन शर्यतपटू एडी मेर्क्स यांच्या फ्रेम वेगवेगळ्या काळात मासी, एर्नेस्तो कोल्नागो आणि उगो दे रोझा यांनी घडवल्या. ऑक्टोबर १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम त्यांनी केला ती सायकल कोल्नागोंची होती. त्याच काळात बेल्जियमच्या केसेल्स आणि ब्रिटनच्या फाल्कन या कंपन्या मेर्क्स यांच्या नावाने सायकली विकत होत्या, आणि मेर्क्स यांनी स्वतःचा कारखाना काढला तो निवृत्तीनंतर, १९८० मध्ये, दे रोझा यांच्या मदतीने. तेव्हा ‘एडी मेर्क्स’ हे नाव असलेली फ्रेम दाखवली गेली तर ती कोणत्या वर्षाची, हे कळेपर्यंत तिची किंमत ठरवता येत नाही. मासी यांच्या नावाचाही प्रवास असाच झाला: अमेरिकेतील हक्क विकले गेल्यावर १९७३ पासून कॅलिफोर्नियात मासी फ्रेम बनू लागल्या, तर मिलानच्या विगोरेलीतील कारखाना मुलगा आल्बेर्तो यांनी चालू ठेवला. कॅलिफोर्नियातील पहिल्या काळच्या फ्रेम दर्जाने कमी नव्हत्या, आणि तिथल्या कामाची इटलीतल्या कामाशी तुलना करताना संग्राहकांमध्ये अजूनही हमरीतुमरी होते.

काळ ठरवताना धातूवरील बारीक खुणा उपयोगी पडतात. मागच्या ड्रॉपआउटमधील अंतर पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर, सहा-सात गिअरच्या काळात १२६ आणि आठ गिअर आल्यावर १३० झाले. गिअरची दांडी पट्ट्याने आवळलेली असेल तर फ्रेम बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची. तिच्यासाठी खुंट जोडलेले असतील, पाण्याच्या बाटलीची दोन भोके असतील आणि गिअरच्या तारा बॉटम ब्रॅकेटखालून गेल्या असतील तर ती त्यानंतरची. सुट्या भागांवर तारखा असतात. इंग्लिश स्टर्मी-आर्चर हबच्या कवचावर वर्षाचा आकडा ठोकलेला असे, आणि कॅम्पाग्नोलोच्या नुओव्हो रेकॉर्ड मागच्या गिअरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे दिसतात. पेटंटचा आकडा हा त्या भागाचे वर्ष सांगतो, फ्रेमचे नव्हे. तरीही गिअर, हब आणि क्रँक या तिन्हींवरील खुणा एकाच वर्षाच्या आसपास जमल्या तर सायकल मूळ स्वरूपात राहिली असण्याची शक्यता वाढते. वीस वर्षे खरोखर चालवलेल्या सायकलीचे सगळे भाग एका वर्षाचे निघाले, तर उलट ती अलीकडे जुळवून मांडल्याचाही संशय घेता येतो, आणि तो नेहमीच निराधार नसतो.

खरेदीदाराने नावाआधी प्रकृती पाहावी, हे जुन्या सायकलवाल्यांचे म्हणणे रास्त आहे. समोरून धडक बसलेल्या फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या नळीवर, पुढच्या सांध्याच्या किंचित मागे, जिथे जाड टोक संपून पातळ भाग सुरू होतो तिथे, एक बारीक फुगवटा किंवा सुरकुती उठते. ती डोळ्याला दिसली नाही तरी नळीच्या खालच्या बाजूने बोट फिरवल्यावर समजते, आणि तिच्यावरचा रंग तडकलेला असतो. अॅल्युमिनियमचा सीट पोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिला तर दोन धातूंमध्ये गंज धरून तो असा घट्ट बसतो की तो काढताना फ्रेमच निकामी होण्याची भीती असते. म्हणून व्यवहारापूर्वी दांडा हलतो का, हे तपासणे शिष्टाचाराला सोडून होत नाही. समुद्राकाठच्या हवेत राहिलेली फ्रेम वरून चकचकीत असली तरी नळ्यांच्या आत, विशेषतः पाणी साठणाऱ्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, गंजलेली असू शकते, आणि मुंबई-कोकणात राहणाऱ्या संग्राहकाला ही तपासणी टाळता येण्यासारखी नाही.

१९८० च्या दशकात अॅल्युमिनियमने, आणि १९९० च्या दशकात कार्बनने पोलादाची जागा घेतली. १९९४ मध्ये मिगेल इंदुराइन यांनी जिंकलेली टूर द फ्रान्स ही पोलादी फ्रेमवर जिंकलेली शेवटची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंदुराइन यांच्या फ्रेमवर पिनारेल्लो या कंपनीचे नाव होते, आणि दारिओ पेगोरेत्ती या कारागिराने त्यांच्यासाठी फ्रेम घडवल्याची माहिती नंतर सर्वतोमुखी झाली. पेगोरेत्ती यांनी पुढे स्वतःच्या नावाने फ्रेम बनवल्या आणि २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्या फ्रेमसाठी गिऱ्हाइके वाट पाहत होती.

आता उरतो तो रंगाचा प्रश्न. जुनी फ्रेम हाती आली की ती घासून नव्या रंगात रंगवण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि तसे केल्याने क्वचित एखादी लपलेली खूण उघडी होतेही. परंतु मूळ रंगाबरोबर लेबलांचे अवशेष, रंगाच्या थरांचा क्रम आणि दुरुस्तीच्या जागा या साऱ्या जातात, आणि त्यानंतर त्या फ्रेमविषयी कोणी काहीही सांगू शकतो. वाळूच्या फवाऱ्याने रंग काढणाऱ्या ठिकाणी हेचिन्ससारख्या लगची पातळ कडही झिजते, आणि उथळ ठोकलेला क्रमांक पुसट होतो. ब्रिटनमध्ये १९५५ पासून जुन्या सायकलींच्या अभ्यासकांची संघटना काम करत आहे, आणि तिच्या सभासदांसारख्या अभ्यासकांनी एकेका निर्मात्याचे क्रमांक जमवून याद्या तयार केल्या आहेत. ज्या दुकानांच्या वह्या टिकल्या त्यांच्याबाबत क्रमांकावरून वर्ष, मूळ रंग आणि क्वचित पहिल्या गिऱ्हाइकाचे नावही मिळते. वह्या नष्ट झालेल्या दुकानांच्या फ्रेमना मात्र ‘५३१, लंडन, सुमारे १९५०, निर्माता अनिश्चित’ एवढेच वर्णन लावता येते, आणि अशा वर्णनासह विकायला आलेली, धडक न बसलेली, मूळ रंगातील फ्रेम त्याच किमतीच्या नामांकित पण नव्याने रंगवलेल्या फ्रेमपेक्षा बहुधा चांगला सौदा असते.